सदर बोक्याचे पोट

इमारतीच्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एक बोका मृतावस्थेत आढळला. बोका रंगाने पिवळा होता, अंगाने भरलेला होता आणि कोणाच्याही मालकीचा नव्हता. ही शेवटची बाब फार महत्त्वाची. इमारतीच्या सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला होता की सदर बोक्यास कोणत्याही रहिवाशाने अन्न घालू नये, त्यास नावाने हाक मारू नये, व त्याच्याशी घरोब्याचे संबंध ठेवू नयेत. ठराव सेक्रेटरींनी मांडला, चेअरमननी अनुमोदन दिले, आणि हात वर करताना प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात किती वर गेला ते नीट पाहून घेतले. ठरावाच्या प्रती गरजेपेक्षा बऱ्याच जास्त छापल्या गेल्या. उरलेला गठ्ठा सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात, फडताळावर ठेवलेला होता. गठ्ठा स्वयंपाकघरात का, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

ठराव झाल्यापासून बोका वाळत जाईल अशी अपेक्षा होती. बोका फुगत गेला. पूर्वी तो कठड्यावरून चालत असे. ठरावानंतर तो कठड्यावर मावेना. इतका उपाशी प्राणी इतका गुबगुबीत कसा, हा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही, कारण उत्तर प्रत्येकाला आपल्यापुरते माहीत होते.

ठरावाची अंमलबजावणी वॉचमनकडे होती. त्याला सगळे मामा म्हणत, आणि जिन्याखालच्या खोलीत तो मामीसह राहत असे. खोलीला खिडकी नव्हती, पण दार होते आणि दाराला आतून कडी होती. साऱ्या हयातीत मामांना पहिल्यांदाच आतून लावायची कडी मिळाली होती, म्हणून त्यांचा त्या खोलीवर फार जीव. मामांचे काम एवढेच, की बोका दिसला की हाकलायचा. ते हाकलत. बोका उठून एक मजला वर जाई. मामा तिथे जाऊन हाकलत. बोका आणखी वर जाई. असे करत दोघेही गच्चीपर्यंत जात, तिथे शेजारी शेजारी बसून दम खात आणि मग खाली येत. मामा त्याला साहेब म्हणत. का म्हणता, असे विचारले तर म्हणत, "काही काम करत नाही, आणि कुठल्याही मजल्यावर गेला तरी दार उघडतं. दुसरं काय म्हणू?"

तर बोका मेला, आणि जिन्यात माणसे जमली.

"विष!" वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. मावशी प्राणिमित्र होत्या. त्यांच्या फोनमध्ये चारशे जनावरांचे फोटो होते, आणि त्यातल्या बऱ्याच जनावरांना त्यांनी स्वतः टोपी घातली होती. "हे सरळ सरळ विष आहे. बघा, जीभ बघा त्याची."

जीभ कोणीच पाहिली नाही. सगळ्यांनी मामांकडे पाहिले.

"मामा," चेअरमन म्हणाले, "तुम्हाला बोक्याला हाकलायला सांगितलं होतं."

"हो. हाकलत होतो की."

"किती लांब हाकललंत?"

मामांना या प्रश्नाचा रोख कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्यांच्या हातातली काठी आपोआप पाठीमागे गेली, आणि हीच गोष्ट सेक्रेटरींनी टिपून घेतली.

तिथल्या तिथे निर्णय झाला. बोक्याचे शव जनावरांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणीसाठी न्यावे. विष निघाल्यास मामांनी खोली रिकामी करावी. अहवाल येईपर्यंत मामा निलंबित. मात्र इमारतीला दुसरा वॉचमन नसल्याने निलंबित मामांनी निलंबित अवस्थेतच रोजचा पहारा चालू ठेवावा.

प्रयोगशाळेला फोन केला. तिकडून एक बाई बोलल्या. "आज सुट्टी आहे, उद्या सकाळी आणा. तोवर फ्रिजमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. गोठवलं की आतलं सगळं फुटतं, मग मला काही वाचता येत नाही."

आता फ्रिज कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. चेअरमन म्हणाले, आमच्याकडे उकडलेल्या भाज्यांनी जागा अडवली आहे. त्यांना हृदयविकाराचा इशारा मिळालेला होता आणि वर्षभर ते फक्त उकडलेले खात होते. सेक्रेटरी म्हणाले, आमचा फ्रिज तत्त्वतः रिकामा आहे, पण वासाचा प्रश्न आहे. वास बोक्याचा की फ्रिजचा, ते त्यांनी सांगितले नाही. चौथ्या मजल्यावर आहारतज्ज्ञ ताई राहत. इमारतीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी लोणी, साय आणि केक यांच्यापासून मुक्त केले होते. त्यांना विचारले तेव्हा त्या फ्रिजच्या दारासमोर हात पसरून उभ्याच राहिल्या.

"माझ्याकडे फक्त काकड्या आहेत."

"मग जागा असेल ना, ताई?"

"काकड्यांना हवा लागते!"

शेवटी बादलीत बर्फ घालून बोका मामांच्या खोलीत ठेवण्यात आला. आरोपीच्याच ताब्यात पुरावा कसा, अशी शंका मावशींनी काढली. त्यावर सेक्रेटरींनी खुलासा केला की पहारा देणे हे मामांचे कामच आहे. ते आरोपी म्हणून वेगळे आणि पहारेकरी म्हणून वेगळे. मामा रात्रभर स्वतःवर नजर ठेवून बसले. मामीने बादलीवर आपले जुने लुगडे घातले आणि म्हणाली, "सगळ्या मजल्यांवर हिंडून शेवटी आपल्याच घरी आला बघा मुक्कामाला."

सकाळी सगळे प्रयोगशाळेत गेले. चौकशी पारदर्शक व्हावी म्हणून सगळेच गेले. प्रत्येकाला दुसऱ्यावर लक्ष ठेवायचे होते. दारातच हेडक्लार्क बसले होते. त्यांनी बादलीकडे पाहिलेही नाही.

"मालक कोण?"

चेअरमननी छताकडे पाहिले, सेक्रेटरींनी बुटांकडे, आणि आहारतज्ज्ञ ताईंना अचानक फोन आला, जो वाजला नव्हता.

"मालकाची सही लागते. मालक नसेल तर जवळच्या नातेवाइकाची. दोन्ही नसेल तर जनावर मेलं हे आम्ही धरत नाही."

"मग काय धरता?" मावशींनी विचारले.

"आराम करतंय."

"मी करतो सही," मामा म्हणाले.

"तुमचं नातं?"

"ओळखीचे."

हेडक्लार्कनी 'ओळखीचे' असे लिहून घेतले. अशा रीतीने संशयित खुनी हाच मयताचा एकमेव आप्त म्हणून नोंदला गेला. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. घाई सगळ्यांनाच होती.

"मयताचं नाव?"

"नाव नाही," सेक्रेटरी तडक म्हणाले. "नाव ठेवायला बंदी आहे. सदर बोका म्हणा."

फोनवर बोललेल्या बाई म्हणजे इथल्या डॉक्टरीणबाई. उंच, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि आवाज असा की समोरचा आपोआप खरे बोलू लागावा. त्यांना इतकी गर्दी बघायची सवय नव्हती. "एवढे सगळे त्याचे कोण?" त्यांनी विचारले. "कोणीच नाही," सगळे एका सुरात म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि सगळ्यांना काचेच्या पलीकडे उभे केले. आत बोलतात ते बाहेर ऐकू यावे म्हणून काचेच्या वर एक कर्णा बसवलेला होता.

बाईंनी बोक्याला आधी तोलले. काट्यावरचा आकडा पाहून काटा बिघडलाय का म्हणून त्यावर एक वीट ठेवून पाहिली. काटा ठीक होता. मग बोक्याला उलटसुलट करून सगळे अंग बोटांनी चाचपले. "मार नाही," कर्णा म्हणाला. "हाड मोडलेलं नाही. काठीचा वळ नाही." काचेबाहेर मामांनी काठी हळूच पुढे आणली.

मग हनुवटीपासून खाली सरळ चीर. कातड्याखाली बोटभर जाडीची पिवळी चरबी निघाली. "अरे बापरे," बाई म्हणाल्या, आणि ते कर्ण्यातून बाहेर आले. यकृत फुगून पिवळे पडलेले, बोट दाबले तर खड्डा राहील असे. हृदय शोधावे लागले. ते चरबीत असे गुंडाळलेले होते, जसे कोणी परगावी पाठवायला बांधून ठेवले असावे.

"विष?" मावशींनी काचेवर टकटक केले.

"थांबा. अजून पोट राहिलंय."

पोटाची दोन्ही तोंडे बाईंनी दोऱ्याने बांधली, म्हणजे आतले आत राहील. मग ते कापून वेगळे केले, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले आणि उघडले. नंतर चिमट्याने एकेक वस्तू उचलून धुऊन त्या काचेकडे धरू लागल्या. त्यांना वाटले, बघ्यांपैकी कोणी ओळखले तर तपासाला मदतच होईल. त्यांना काय ठाऊक!

"गाजर," बाई म्हणाल्या. "उकडलेलं. मांजर गाजर खात नाही सहसा. आणि हे फुलासारखं कापलंय. पाच पाकळ्या."

चेअरमनच्या बायकोने काचेवर दोन्ही हात ठेवले. त्यांना सगळे वहिनी म्हणत. वर्षभर रोज सकाळी उठून त्या गाजराची फुले कापत होत्या, नवऱ्याला उकडलेले खाताना जरा बरे वाटावे म्हणून.

"अहो," त्या पुढे बघतच म्हणाल्या, "ही माझी फुलं आहेत."

"तशी बरीच लोकं कापतात, गं."

"पाच पाकळ्या मीच कापते. तुम्ही काल मला म्हणालात, चवीला मस्त झालीयेत."

"झालीच असतील ना. त्याने संपवली."

"मग तुम्ही वर्षभर खात काय होतात?"

या प्रश्नाचे उत्तर कर्ण्यातून आले. "गाजराला लोणी लावलंय," बाई म्हणाल्या. "भरपूर. आणि चंदेरी कागदाचा तुकडा. लोण्याच्या वडीवर असतो तो. चांगल्यातलं लोणी दिसतंय."

"आमच्या घरात वर्षभर लोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "ताईंनी बंद केलंय. मग ह्यांच्या हातात लोणी आलं कुठून?"

"ते औषधी लोणी आहे!" आहारतज्ज्ञ ताई एकदम ओरडल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडे वळल्या. चेअरमननी रुमाल काढून कपाळ पुसले. वहिनी नवऱ्याकडून ताईंकडे आणि ताईंकडून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मासा," आतून आवाज आला. "डब्यातला, तेलातला. कागदात गुंडाळून दिलेला असावा, कागदासकट गेलाय. कागदावर छापलंय काहीतरी." बाईंनी चिमट्यातला ओला तुकडा दिव्यासमोर धरला. "'...ही रहिवाशाने अन्न घालू न...' पुढचं पचलंय."

सगळे सेक्रेटरींकडे वळले. सेक्रेटरी काचेतून आतच बघत होते. बोक्याचे डोके त्या टेबलावर जरा कलले होते, डोळे अर्धवट उघडे, जसे ते दुपारी दारापाशी असत. सेक्रेटरींनी काचेला नाक लावले.

"सोन्या!" ते म्हणाले.

"सोन्या कोण?" मावशी म्हणाल्या. "तो छकुला आहे!"

"कॅप्टन," चेअरमन पुटपुटले.

शेवटी पोटाच्या तळाशी एक गुलाबी रिबीन निघाली, गाठ तशीच असलेली. मावशी रडू लागल्या. टोपीची रिबीन होती ती. टोपी कुठे आहे, हे बाईंनी विचारले नाही. त्या आतड्याकडे वळल्या.

तासाभराने बाई हात धुऊन बाहेर आल्या. "नमुने विषतपासणीला पाठवते, पण मला विष दिसत नाही. हृदय चरबीत बुडालं. त्यात हा रोज सगळे मजले चढत होता, एका दारावरून दुसऱ्या दारावर. जिन्यात थांबला, तो थांबलाच. ह्या माणसाने," त्यांनी मामांकडे बोट केले, "उलट त्याला थोडाफार व्यायाम दिला. नाहीतर आधीच गेला असता."

मामांनी मामीकडे पाहिले. मामीने पदराने डोळे टिपले. खोली राहिली, असे दोघांना वाटले. भोळी माणसे.

कारण आता प्रश्न मामांचा राहिलाच नव्हता. प्रश्न होता तो पोटाचा. अहवालाला मसुदा म्हणतात, आणि मसुद्यावर बाधित व्यक्तींना हरकती घेता येतात, ही माहिती हेडक्लार्कनी जाताजाता दिली. दुसऱ्याच दिवशी हरकती आल्या. चेअरमननी लिहिले की सदर गाजरे ही गाजरे नसून गाजरसदृश पदार्थ आहेत, आणि फुलाचा आकार हा पचनक्रियेत योगायोगाने आलेला आहे. आहारतज्ज्ञ ताईंनी लिहिले की लोणी हा शब्द अशास्त्रीय आहे. सेक्रेटरींची हरकत सर्वांत मुद्देसूद होती: ठरावाचा कागद मयताने माशासाठी गिळला नसून, ठराव अंगी बाणवण्याच्या सद्हेतूने गिळला असावा, मासा वाटेत आला. मावशींनी रिबीन ही खाद्यवस्तू नसून भावना आहे, असे म्हटले.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी हरकतींचा गठ्ठा हेडक्लार्कपुढे टाकला.

"नियम आहे, मॅडम. ज्या बाबीवर हरकत आली, ती निकाल लागेपर्यंत बाजूला काढून ठेवायची."

"पोटातून?"

"अहवालातून. पोटाचं पोट बघून घेईल."

"आणि निकाल कोण देतं?"

"समिती असते एक."

"कुठे बसते?"

"नेमायची आहे."

अशा रीतीने गाजर गेले, लोणी गेले, मासा गेला, कागद गेला, रिबीन गेली. चरबीवरही हरकत आली, कारण चरबी म्हटले की कोणीतरी काहीतरी घातले असा वास येतो; तीही गेली. विष तर नव्हतेच. उरले ते एक पोट, आणि अहवालात त्याच्यापुढे लिहिले गेले: रिकामे. हेडक्लार्कनी नियम पाहिला. जनावर मृत, मार नाही, विष नाही, पोट रिकामे. मृत्यूचे कारण: उपासमार. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. सही तेवढी बाईंची राहिली होती. बाईंनी सही न करताच पेनाला टोपण लावले.

अहवाल असा तयार झाल्यावर सेक्रेटरींनी सभा बोलावली. विषय: सदर बोक्यास उपाशी मारण्याची जबाबदारी. मामांना मधे उभे करण्यात आले.

"मामा, तुम्ही बोक्याला खायला घालत होता का?" चेअरमननी विचारले.

"नाही, साहेब."

"म्हणजे उपाशी ठेवलंत."

"नाही, साहेब."

"म्हणजे घालत होता. म्हणजे ठराव मोडलात."

मामांनी डोके खाजवले. "एकदा घातलं होतं. पहिल्याच दिवशी. आमच्यातला तुकडा. त्याने हुंगला, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि वर निघून गेला."

"मग?"

"मग तोच आणायला लागला. खोटं कशाला सांगू? पोट भरलं की तोंडात काहीतरी धरून खाली यायचा आणि आमच्या दारात ठेवायचा. कधी मासा. एकदा अख्खी केकची फोड, वर साखरेचं गुलाब. मामीने दार लावून घेतलं तरी दाराबाहेर म्याव म्याव करत बसायचा, आम्ही उचलेपर्यंत. त्याला वाटायचं, ह्यांच्याकडे काही नाही."

केक कोणाच्या घरचा, याचा प्रत्येकजण मनातल्या मनात शोध घेत होता. मग सेक्रेटरींचा चेहरा उजळला.

"म्हणजे सदर वॉचमनच्या कबुलीजबाबानुसार बोक्याच्या तोंडचा घास हा वॉचमन खात होता! पोट रिकामं का निघालं, ते आता सिद्ध झालं."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मामांनी खोली रिकामी करावी, असा ठराव लिहायला घेतला. मामी दारात उभी होती. तिने आपला पदर खोचला, म्हणजे सामान बांधायची तयारी.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हातात कापडी पिशवी होती. मामा अहवालाचे विचारायला प्रयोगशाळेत गेले होते तेव्हा सभेची वेळ बाईंना त्यांच्याकडूनच कळली होती.

"चालू द्या," बाई बसत म्हणाल्या. "माझं छोटंसं काम आहे. उपासमारीवर सही करायला माझी हरकत नाही."

"उत्तम!" चेअरमन म्हणाले.

"फक्त एक आहे. बेवारस जनावर उपाशी मेलं तर त्या इमारतीतल्या प्रत्येक घराची चौकशी लागते. प्रत्येक स्वयंपाकघराची. डोळ्यांदेखत तडफडून मेलं आणि कोणी घासभर दिलं नाही, म्हणजे गुन्हा सगळ्यांचा. तर मला एकेक करून सांगा, म्हणजे मी लिहून घेते. तुम्ही त्याला कधी काही दिलं नव्हतंत ना?"

आधी खुर्च्या करकरल्या.

"कधीच कसं?" चेअरमन म्हणाले. "मॅडम, मी काय राक्षस आहे? रोज दुपारी वाटीभर गाजरं! लोणी लावून!"

"रोज?" वहिनी म्हणाल्या.

"गं, इथे गुन्ह्याचा प्रश्न आहे!"

"लोणी माझं होतं!" आहारतज्ज्ञ ताई उभ्या राहिल्या. "लिहा, माझं नाव लिहा. शिवाय साय. शिवाय रविवारी केक. साखरेच्या गुलाबासकट!"

"मासा!" सेक्रेटरी टेबलावर हात आपटून म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ! माझ्या बायकोला विचारा, मी स्वतः एक घास कमी खाऊन..."

"तुम्ही? कमी?" त्यांची बायको मागून म्हणाली.

मावशी मागे पडल्या होत्या, कारण टोपीशिवाय त्यांनी खरेच काही दिले नव्हते. तरी त्यांनी दुधाचा एक पेला कबूल केला, आणि इतरांचे ऐकून तो वाढवत वाढवत पातेल्यापर्यंत नेला. पहिल्या मजल्यावर एक सोवळे आजोबा राहत. बोक्याची सावलीही त्यांना चालत नसे. ते काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "खिमा. मंगळवारी आणि शुक्रवारी. लिहा." त्यांच्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

बाईंनी सगळे लिहून घेतले. मग बेरीज पाहिली. "कमाल आहे. एवढं तर वाघाच्याही पोटात मावणार नाही." त्यांनी पिशवीतून काचेची मोठी बरणी काढून टेबलावर ठेवली. बरणीत औषधी पाण्यात बोक्याचे पोट होते, आणि पोटाशेजारी पाच पाकळ्यांचे एक फूल हलकेच तरंगत होते. "म्हणजे उपासमार नव्हती. माझा पहिलाच मसुदा बरोबर. तुम्ही सर्वांनी मिळून, प्रेमाने, घालून घालून मारलं. आता नावं आहेतच, जोडून देते."

बरणीतले पाणी अजून हलत होते. दिले म्हणावे तर मारले, नाही दिले म्हणावे तरी मारले. चेअरमन सेक्रेटरींकडे बघू लागले, आणि सेक्रेटरी छताकडे. छतावरूनच त्यांना ते सुचले असावे.

"सभेपुढे नवीन ठराव ठेवतो," ते उभे राहून म्हणाले. "सदर इमारतीत सदर बोका कधीच नव्हता."

"अनुमोदन!" चेअरमन म्हणाले.

हात वर गेले. या वेळी कोणी शेजाऱ्याचा हात पाहिला नाही.

"पण एक सही आहे," बाई म्हणाल्या. "मयताचे आप्त. त्यांनी मागे घेतली तर प्रकरण बंद. नाही घेतली तर बोका होता."

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा बरणीकडे बघत होते.

"मामा," चेअरमन मऊ आवाजात म्हणाले, "बोका नसेल तर मारलाही नाही कोणी. म्हणजे तुम्हीही नाही."

"म्हणजे खोली?"

"खोली तुमचीच! निलंबन कसलं? कोणासाठी? कोणी होतंच कुठे?"

मामांनी मामीकडे पाहिले. मामीने खोचलेला पदर सोडला. मामांनी पेन घेतले, पण सही खोडायच्या आधी थोडे थांबले.

"सही मागे घेतो," ते म्हणाले. "फक्त 'साहेब नव्हते' असं तोंडाने म्हणायला लावू नका. ते जमायचं नाही."

ही अट सभेने उदार मनाने मान्य केली.

आता इमारतीत सगळे ठीक आहे. कधीच नसलेल्या बोक्यामुळे झालेले नुकसान एकट्या चेअरमनना सोसावे लागते; वहिनी समोर बसतात आणि गाजराचे शेवटचे फूल खाऊन होईपर्यंत उठत नाहीत. चेअरमनची प्रकृती सुधारली आहे. आहारतज्ज्ञ ताईंकडे खरोखरच काकड्या आल्या आहेत आणि त्या दुःखी आहेत. बरणी प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. तिच्यावर काय लिहायचे हे हेडक्लार्कना नियमात सापडलेले नाही, म्हणून चिठ्ठी कोरी आहे.

आणि मागच्या आठवड्यात त्याच जिन्यात, त्याच वळणावर, एक करडे पिल्लू येऊन बसले. ताबडतोब सभा झाली आणि एकमताने ठराव झाला: अन्न घालू नये, नाव ठेवू नये. ठरावाच्या प्रती गरजेपेक्षा बऱ्याच जास्त छापल्या गेल्या.

तुम्ही हसता आहात, हसा. असली माणसे आपल्या जिन्यात राहत नाहीत, हे तुम्ही म्हणणार, आणि मी मानणार. फक्त ते करडे पिल्लू वाचता वाचता नजरेपुढे आले, तेव्हा त्याला एक नाव तुमच्या मनात येऊन गेले. ते सभेत बोलू नका. आणि फ्रिजचे दार जरा हळू लावा, शेजारी ऐकतात.